लिझिका कोद्रेआनू : दुसऱ्यांच्या चौकटींत उरलेली नर्तकी

पारिजातक (मूळ लेख)

कॉन्स्टंटिन ब्रंकुश या रोमानियन शिल्पकाराने स्वतः काढलेली छायाचित्रे पाहत गेले की एका चित्राशी हात थांबतो. साल १९२२, जागा पॅरिसमधल्या रोंसँ नावाच्या बंद गल्लीतली त्याची कार्यशाळा. भोवती दगडाचे आणि लाकडाचे ठोकळे आहेत आणि त्यांच्यामध्ये ताठ, कोनदार कापडात वेढलेली, डोक्यावर शंकूसारखी टोपी चढवलेली एक तरुणी उभी आहे. चित्राखाली लिहिलेले असते : एरिक सातीच्या ‘जिम्नोपेदी’वर ब्रंकुशच्या कार्यशाळेत नृत्य करणारी लिझिका कोद्रेआनू. या ओळीतल्या दोन नावांवर ग्रंथांची कपाटे भरली आहेत. तिसरे नाव मात्र दीर्घकाळ इतरांच्या चरित्रांतल्या तळटीपांमध्येच राहिले. ब्रंकुशच्या अभ्यासक डोइना लेम्नी यांनी २०११ साली फ्रेंचमध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे तिला स्वतःचे चरित्र मिळाले. (आपल्याकडे ‘ब्रांकुसी’ असे लिहिण्याची पद्धत आहे, रोमानियन उच्चार ‘ब्रंकुश’च्या अधिक जवळ जातो, म्हणून तसे लिहिते.)

लिझिकाचा जन्म १९०१ सालचा, बुखारेस्टमधला. थोरली बहीण इरिना शिल्पकार झाली; पहिले महायुद्ध संपल्यावर ती पॅरिसला गेली, अँत्वान बुर्देल यांच्याकडे शिकली आणि पुढे ब्रंकुशच्या कार्यशाळेत काम करू लागली. त्या काळच्या शिकल्यासवरल्या रोमानियन घरांत फ्रेंच भाषा रुळलेली होती आणि कलेच्या शिक्षणासाठी पॅरिस गाठणे ही तिथली मळलेली वाट होती. ब्रंकुश १९०४ पासून तिथे होता, कलेचे रूढ संकेत मोडू पाहणाऱ्या ‘दादा’ चळवळीचा म्होरक्या त्रिस्तान त्झारा झुरिकहून १९२० च्या जानेवारीत येऊन दाखल झाला होता. लिझिका बॅले शिकलेली होती. पॅरिसमध्ये आल्यावर तिला रशियन बॅलेच्या एखाद्या संचात मागच्या रांगेत जागा शोधता आली असती, पण तिचे पाय वळले ते शिल्पकार, कवी आणि चित्रकार यांच्या अड्ड्यांकडे.

१९२२ च्या त्या नृत्यासाठीचा पोशाख ब्रंकुशने स्वतः बेतला होता. साती हा त्याचा जवळचा मित्र. ‘जिम्नोपेदी’ या तीन छोट्या पियानोरचना सातीने १८८८ साली, म्हणजे लिझिकाच्या जन्माच्याही आधी केलेल्या. एका मित्राचे संगीत, दुसऱ्या मित्राचा पोशाख, त्याचीच जागा आणि त्याचाच कॅमेरा. या सगळ्यात लिझिकाचे काय होते, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९२३ रोजी, पॅरिसच्या मिशेल नाट्यगृहात त्झाराने एक संध्याकाळ आयोजित केली. तिथे लिझिका नाचली ती संगीतावर नव्हे, तर इलियाझ्द या जॉर्जियातून आलेल्या कवीच्या ‘झाउम’ कवितेवर. झाउम म्हणजे बुद्धीच्या पलीकडची भाषा. रशियन भविष्यवादी कवींनी घडवलेली, ज्यात शब्दांना कोशातला अर्थ नसतो, फक्त नाद आणि आघात असतात. या वेळी पोशाख होता सोनिया दलोने या चित्रकर्तीचा. तिसरा पुरावा १९२६ सालचा : रने ल सोंप्तिए याच्या ‘ल प्ती पारिगो’ या मूकपटात लिझिका ‘विजेचा पिएरो’ म्हणून दिसते (पिएरो म्हणजे मूकनाट्यातला विदूषक). चेहऱ्याभोवती उभी राहिलेली मोठी चकती, अंगावर विजेच्या रेघेसारखी कोनदार नक्षी. हाही पोशाख दलोनेचाच.

१९२७ साली तिने जाँ फोंतन्वा या फ्रेंच पत्रकाराशी लग्न केले आणि रंगमंच सोडला. म्हणजे सारी कारकीर्द उण्यापुऱ्या पाचसहा वर्षांची आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी संपलेली. फोंतन्वा मॉस्को आणि शांघाय इथे वार्ताहर होता. पुढे तो साम्यवादाकडून थेट फॅसिस्टांच्या गोटात गेला आणि १९४५ साली कोसळत्या बर्लिनमध्ये मेला. त्याच्या कितीतरी आधी हा संसार मोडला होता. लिझिकाने नंतर पॅरिसमध्ये हठयोग शिकवण्याचा स्टुडिओ काढला. ती १९९३ पर्यंत जगली. ज्यांच्यात ती नाचली होती त्या मंडळींपैकी जवळपास सगळे तिच्या डोळ्यांदेखत गेले आणि त्यांच्या नावाची दालने उभी राहिली.

माझे म्हणणे एवढेच आहे की तिला ‘ब्रंकुशची मॉडेल’ किंवा ‘दलोनेच्या पोशाखातली नर्तकी’ म्हणणे चुकीचे आहे. ही नृत्ये तिची स्वतःची बांधणी होती. तिच्यामागे उभा राहून पावले ठरवून देणारा नृत्यदिग्दर्शक कोणी नव्हता. तरीही कलेतिहासाने पोशाख सांभाळला, छायाचित्र सांभाळले, १९२३ च्या त्या संध्याकाळी झालेले भांडणसुद्धा सांभाळले आणि नेमके नृत्य तेवढे वगळले. जाणकारांनी भर घालावी.

संथ_लय

अत्यंत वाचनीय धागा. मी बरीच वर्षे कथक शिकले आहे, युरोपीय नृत्याचा अभ्यास नाही. तरीही दोन गोष्टी सुचल्या, त्या मांडते.

झाउमबद्दल वाचताच मला पढंत आठवली. आपल्याकडे नर्तक उभा राहून आधी बोल म्हणतो आणि मग तेच बोल पायांतून काढतो; ‘तिग्धा दिग दिग’ला अर्थ विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. त्यामुळे अर्थ नसलेल्या अक्षरांवर नाचणे ही आपल्या कानाला विक्षिप्त गोष्ट वाटत नाही. फरक असा की आपले बोल तालाच्या आवर्तनात बांधलेले असतात, समेची वाट पाहणारे असतात. झाउम कवितेला सम नाही. आवाज कधी चढेल, कधी तुटेल हे वाचणाऱ्याच्या हातात. अशा वेळी नाचणाऱ्याला आधी ठरवलेली बांधणी जपायची की त्या क्षणीच्या आवाजामागे जायचे, हा निर्णय स्वतःलाच घ्यावा लागतो. तो दुसरा कोणी तिच्यासाठी घेऊ शकला नसता.

दुसरी गोष्ट ताठ पोशाखाची. तुमचा लेख वाचून राहवले नाही, म्हणून काल रात्री जाड पुठ्ठ्याचा मोठा शंकू करून कंबरेला दोरीने बांधला आणि फोनवर पहिली ‘जिम्नोपेदी’ लावली. (घरच्यांनी पाहिले आणि काही न बोलता स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले.) संगीत तीन मात्रांचे, फार संथ. पहिल्या मात्रेवर डाव्या हाताचा खालचा एकच सूर, दुसरीवर स्वरांचा गुच्छ, आणि तो गुच्छ तिसरी मात्रा संपेपर्यंत रेंगाळतो. मी सवयीने पहिल्या मात्रेवर पाऊल टाकत होते आणि दर वेळी पुठ्ठ्याची कड मांडीला आपटत होती. चारसहा प्रयत्नांनंतर पाऊल पहिलीवर नुसते उचलायचे, वजन दुसरीवर द्यायचे आणि तिसरीभर शरीर तसेच राहू द्यायचे, असे केले तेव्हा कड आपटायची थांबली. गुडघे दिसत नाहीत, कंबर वाकत नाही, त्यामुळे जे काही सांगायचे ते मानेतून, मनगटातून आणि सगळे अंग कुठल्या दिशेला तोंड करून आहे यातून सांगावे लागते. गिरकी मात्र अप्रतिम येते. शंकू स्वतःच फिरत राहतो.

लिझिकाने असेच केले असेल असा माझा दावा मुळीच नाही. पण असल्या कपड्यात शिल्पकाराने सांगितले आणि मुलगी हलली, इतके ते सोपे नसते, एवढे मांडीवरच्या ओरखड्यांनिशी सांगू शकते.

तिरपी_रेघ

धागा उत्तम आहे आणि वरचा प्रतिसाद तर वहीत उतरवून ठेवावा असा आहे. तरीही मी थोडा विरोधी सूर लावणार आहे.

मी छायाचित्रणाच्या बाजूने पाहतो. ब्रंकुश काचेच्या प्लेटांवर चित्रे काढी, तंत्राची मदत त्याला मॅन रे या अमेरिकी छायाचित्रकाराकडून मिळाली होती. कार्यशाळेत जो काही उजेड असेल त्यात अशा कॅमेऱ्यावर नाचणारी व्यक्ती स्वच्छ टिपायची तर तिला थांबवावे लागते. म्हणजे ज्याला आपण नृत्याचे छायाचित्र म्हणतो ते बहुधा नृत्य थांबवून घेतलेल्या पवित्र्याचे छायाचित्र आहे. तो पवित्रा नृत्यातला होता की ब्रंकुशने ‘हात जरा वर घे’ म्हणून ठरवलेला होता, हे काचेवरून कळत नाही. हा माणूस आपल्या शिल्पांची छायाचित्रेही सहसा दुसऱ्याला काढू देत नसे, कारण कोणत्या कोनातून, कोणत्या उजेडात शिल्प दिसावे हे त्याला स्वतःच ठरवायचे असे. असा माणूस एका जिवंत शरीराला आपल्या चौकटीत मोकळे सोडील, हे मला पटत नाही. ती छायाचित्रे मला ब्रंकुशची कलाकृती वाटतात. लिझिका त्यांत आहे, पण संगमरवर जसा त्याच्या पक्ष्याच्या शिल्पात आहे तशी.

‘तिला विसरले गेले’ हा सूर अलीकडे स्त्री कलावंतांबद्दल फार सहज लागतो. विसरणे वाईटच, पण त्याची भरपाई म्हणून आपण पुराव्यापेक्षा जास्त बहाल करू नये.

पारिजातक

@संथ_लय, तुमच्या पुठ्ठ्याच्या शंकूने या धाग्याचे चीज झाले.

@तिरपी_रेघ, तुमचा प्लेटांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या लेखात यायला हवा होता. मात्र निष्कर्षाबाबत मतभेद आहे. केवळ १९२२ ची छायाचित्रे हाती असती तर मीही तुमच्यासारखेच म्हटले असते. परंतु चार वर्षांच्या अवधीत ही मुलगी तीन अगदी वेगळ्या परिस्थितींत दिसते : एकदा सातीच्या पियानोवर ब्रंकुशच्या कपड्यात, एकदा इलियाझ्दच्या निरर्थक अक्षरांवर दलोनेच्या कपड्यात, आणि एकदा मूकपटात, जिथे कॅमेऱ्याला ऐकूच येत नाही. शिल्पकाराला घनाकार हवा होता, कवीला नाद हवा होता, चित्रपटवाल्याला डोळे दिपवणारे दोन क्षण हवे होते. तिघांच्या मागण्या एकमेकींशी जुळत नाहीत. तरी त्या तिघांनाही हीच नर्तकी चालली, आणि पॅरिसमध्ये त्या वर्षांत नर्तकींचा दुष्काळ नव्हता. अपरिचित, अडचणीच्या वस्तूत शिरून तिच्यातून हालचाल काढण्याची काहीतरी खास हातोटी तिच्याकडे असली पाहिजे, आणि तिलाच मी बांधणी म्हणते आहे.

तिरपी_रेघ

युक्तिवाद चांगला आहे. पण एक सोपे स्पष्टीकरणही शक्य आहे : ब्रंकुश आणि त्झारा दोघेही रोमानियन, बहीण शिल्पकारांच्या वर्तुळातली. परक्या शहरात माणसे आपल्या भाषेच्या माणसाला आधी हाक मारतात. ‘तीच चालली’ याचे उत्तर ‘तीच ओळखीची होती’ असेही असू शकते.

पारिजातक

हेही खरे. पहिल्या हाकेपुरते तरी नक्कीच. इलियाझ्द आणि दलोने मात्र रोमानियन नव्हते. एक तिबिलिसीचा, दुसरी युक्रेनमध्ये जन्मून सेंट पीटर्सबर्गमध्ये वाढलेली.

जुनी_वही

६ जुलै १९२३ च्या संध्याकाळीबद्दल मूळ लेखात फार थोडे आले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. युरोपीय कलेच्या इतिहासातली ही एक कुप्रसिद्ध संध्याकाळ आहे.

कार्यक्रमाचे नाव मराठीत ‘दाढीवाल्या हृदयाची संध्याकाळ’ असे काहीसे होईल. पत्रिका भरगच्च होती : साती, स्त्राविन्स्की, मियो आणि ओरिक यांचे संगीत, हान्स रिख्टर आणि मॅन रे यांचे चित्रपट, कवितावाचने, लिझिकाचे नृत्य आणि शेवटी त्झाराचे ‘वायूवर चालणारे हृदय’ हे नाटक. या नाटकातली पात्रे म्हणजे डोळा, तोंड, नाक, कान, मान आणि भुवई. ते नाटक याआधी जून १९२१ मध्ये एकदा झाले होते. या वेळी दलोनेचे नवे पोशाख होते, आणि तो बदल पुढे महागात पडला.

पिएर द मासो या तरुण लेखकाने रंगमंचावरून एक घोषणापत्र वाचले, ज्यात जिवंत कलावंतांना एकेक करून मृत घोषित केले होते, आणि त्यांत पिकासोचे नाव होते. पिकासो त्या रात्री प्रेक्षकांत बसलेला होता. आंद्रे ब्रतों हा कवी संतापून रंगमंचावर चढला आणि हातातल्या काठीने त्याने मासोचा हात मोडला. पोलीस आले, ब्रतों आणि त्याच्या दोघा साथीदारांना बाहेर काढण्यात आले. पोलिसांना त्झारानेच बोलावले असा समज पसरला आणि नाटक सुरू असताना पॉल एल्युआर हा कवी रंगमंचावर झेपावून त्झारा आणि नट रने क्रव्हेल यांच्या अंगावर गेला. नटांचे हाल असे की दलोनेचे पोशाख होते जाड पुठ्ठ्याचे. नंतर लिहिल्या गेलेल्या एका प्रसिद्ध वृत्तांतानुसार नटांना हात उचलून मार चुकवता येईना आणि धड पळताही येईना; ते पुठ्ठ्याच्या आत इवली इवली पावले टाकत निसटण्याची धडपड करीत होते. दुसऱ्या दिवशीचा प्रयोग रद्द झाला. पुढच्याच वर्षी ब्रतोंने अतिवास्तववादाचे घोषणापत्र काढले, आणि पॅरिसमधल्या दादा चळवळीचा शेवट बहुतेक इतिहासकार याच रात्रीपाशी आणून ठेवतात.

आता या सगळ्याचा लिझिकाशी संबंध असा : त्या संध्याकाळीवर पानेच्या पाने लिहिली गेली, पण ती कोणाचा हात मोडला आणि कोणी कोणाला ढकलले यावर. ज्या पोशाखांत नटांना दोन पावले पळता आले नाही त्याच चित्रकर्तीच्या पोशाखात त्याच रंगमंचावर एक बावीस वर्षांची मुलगी नाचून गेली, याची नोंद बहुतेकांनी एका वाक्यात उरकली. संथ_लय यांचा प्रयोग वाचल्यावर मला त्या एका वाक्याची खरी किंमत कळली.

संथ_लय

‘इवली इवली पावले’ वाचून माझ्या मांडीवरचा ओरखडा पुन्हा हुळहुळला.

घाटमाथा

लिझिकाच्याच पिढीतल्या फ्लोरिया काप्साली या दुसऱ्या रोमानियन नर्तकीशी तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही असे वाटते. काप्साली १९०० ची, जन्म आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या बितोला गावचा. तिनेही पॅरिसमध्ये नृत्याचे शिक्षण घेतले. पण ती बुखारेस्टला परतली, तिथे शाळा काढली, आणि समाजशास्त्रज्ञ दिमित्रिए गुस्ती यांच्या पाहणी पथकांबरोबर खेड्यापाड्यांतून फिरून लोकनृत्यांचा अभ्यास केला. मग तीच पावले बॅलेच्या चौकटीत आणत पॉल कॉन्स्टंटिनेस्कू यांच्या संगीतावर ‘कार्पाथियातले लग्न’ हे नृत्यनाट्य बांधले, ते १९३९ साली रंगमंचावर आले. ती बुखारेस्टच्या ऑपेरात बॅलेची प्रमुख होती आणि रोमानियन नर्तकांची एक सबंध पिढी तिच्या हाताखालून गेली.

यावरून मला दिसते ते असे की नृत्य टिकते ते शिष्यांच्या अंगात. काप्सालीला शिष्य मिळाले, संस्था मिळाली, स्वतःची भाषा बोलणारा प्रेक्षक मिळाला. लिझिकाला मिळाली ती मित्रमंडळी. मित्रमंडळींनी तिला जगातल्या उत्तमोत्तम संग्रहालयांत पोहोचवले, पण तिची एकही हालचाल दुसऱ्या कोणाच्या अंगात उतरली नाही. तिच्या पोशाखाची नक्कल आज कोणीही शिवू शकेल. आत कसे हलायचे, हे सांगणारे मात्र कोणी उरले नाही.

अर्थात परत जाण्याचीही किंमत होतीच. युद्धानंतर सत्ता बदलल्यावर रोमानियात नृत्यकलेला सोव्हिएत साच्यात बसवण्यात आले आणि स्वतंत्र, प्रयोगशील नृत्याला जागा फार आक्रसली. लिझिका परतली असती तर तिचे शंकू आणि चकत्या तिथे कोणी फार काळ चालवून घेतल्या असत्या असे वाटत नाही.

इंदूरकर

विषयाला किंचित बगल देतो, पण धागा जुळतो म्हणून. ज्या ब्रंकुशच्या कार्यशाळेत लिझिका नाचली, त्याचा एक धागा आमच्या इंदूरपर्यंत येतो. होळकर संस्थानचे महाराज यशवंतराव दुसरे यांनी ब्रंकुशचे ‘अवकाशातला पक्षी’ हे शिल्प तीन रूपांत विकत घेतले : एक चकचकीत ब्राँझचे, एक काळ्या संगमरवराचे आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधण्याचा बेत ठरला आणि त्या कामासाठी ब्रंकुश १९३७ च्या अखेरीस इंदूरला आला. त्याच वर्षीच्या जुलैत महाराणी संयोगिताबाई वारल्या होत्या. मंदिराचा बेत पुढे सरकला नाही आणि शिल्पकार १९३८ च्या जानेवारीत रिकाम्या हाताने परतला. ते दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. होळकर दांपत्याची जी गाजलेली छायाचित्रे आपण पाहतो ती मॅन रेने काढलेली, आणि जुनी_वही यांनी सांगितलेल्या त्या दंगलीच्या रात्री ज्याचा चित्रपट दाखवला गेला तोही हाच मॅन रे.

लिझिका आणि इंदूर यांचा थेट संबंध काही नाही, हे आधीच कबूल करतो. पण आमच्या लहानपणी घरात माणिकबागेचा, म्हणजे महाराजांच्या राजवाड्याचा, विषय निघाला की ‘महाराजांनी परदेशातून कसले कसले दगड आणले होते’ असे ऐकत आलो, आणि तसल्याच दगडांच्या मध्ये एके काळी एक मुलगी नाचली होती हे आज इथे कळले.

पारिजातक

@इंदूरकर, बगल मुळीच नाही. उलट तिरपी_रेघ यांनी संगमरवर आणि लिझिका यांची जी तुलना केली होती तिला यातून एक वेगळे वळण मिळते. ब्रंकुशला पक्ष्याचे पंख किंवा चोच दाखवायची नव्हती, उड्डाण दाखवायचे होते. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षे तोच आकार पुन्हा पुन्हा घासला. त्याच्या भोवती प्रत्यक्ष हलणारे एक शरीर होते, हे त्या काळातल्या त्याच्या कामाकडे पाहताना विसरता येत नाही. लिझिकामुळे पक्षी घडला असे मी म्हणणार नाही, त्याचा पहिला पक्षी तिच्या येण्याआधीचा आहे.

@घाटमाथा, काप्सालीशी केलेली तुलना फार मोलाची आहे. एका मुद्द्यावर थोडे अडखळले. शिष्यांच्या अंगात नृत्य टिकते हे खरे, पण शिकवणे लिझिकाने अजिबात केले नाही असे नाही. तिने शिकवले, फक्त नृत्य शिकवले नाही.

निवांत_सकाळ

योगाबद्दल विचारायचेच होते. नाचणारी बाई हठयोगाकडे वळली, यामागे काय असावे? आज पॅरिसमध्ये गल्लोगल्ली योगवर्ग आहेत, पण तिच्या काळी ही गोष्ट खचितच नेहमीची नसणार. आपल्याकडची विद्या म्हणून उत्सुकता वाटते.

संथ_लय

माझ्यापुरते उत्तर देते. पुठ्ठ्यात नाचायचे म्हणजे पाय अडकलेले असताना श्वास, कणा आणि तोल यांवर सगळी भिस्त ठेवायची. आसनातही नेमके हेच घडते : बाहेरून पाहणाऱ्याला काही होत नाही असे वाटते आणि आत पूर्ण शरीर कामाला लागलेले असते. १९२२ च्या त्या छायाचित्रात थांबून राहिलेली मुलगी आणि पुढे हठयोग शिकवणारी बाई यांच्यात मला तरी फार मोठी फट दिसत नाही. तिरपी_रेघ म्हणतात तसे ते छायाचित्र नृत्य थांबवून काढलेले असेल, तर स्थिर राहणे हेही तिचेच कसब मानायला हवे.

तिरपी_रेघ

हा वार बरोबर बसला. स्थिर राहण्याचे श्रेय मी सरळ ब्रंकुशच्या खात्यावर जमा करून मोकळा झालो होतो.

माझ्या मूळ मताचा थोडा भाग मागे घेतो. छायाचित्रे ब्रंकुशची, हे कायम. पण त्यातला पवित्रा कोणाचा, हा प्रश्न खुला आहे असे आता म्हणेन. मूकपटाबाबत तर मी उगाच मौन बाळगले होते. तिथे प्लेट नाही, फीत फिरते आहे, आणि ती खरोखर हलते. ‘ल प्ती पारिगो’च्या नेपथ्यात सोनियाचा चित्रकार नवरा रोबेर दलोने आणि वास्तुरचनाकार रोबेर माले-स्तेव्हान्स यांचा हात होता, मागे रंगीत वर्तुळांची चित्रे, पुढे त्याच नक्षीच्या पोशाखातली नर्तकी. म्हणजे पार्श्वभूमी आणि शरीर एकमेकांत मिसळून जावे अशीच योजना होती. मूकपट कृष्णधवल असल्याने रंग गेले, आकार तेवढे उरले, आणि त्या सगळ्या स्थिर आकारांत एकच आकार स्वतःच्या मर्जीने जागा बदलतो. नजर तिच्यावर जाते ती पोशाखामुळे नव्हे, कारण पोशाखाची नक्षी तर सगळीकडेच आहे.

पारिजातक

हे वाक्य मला सुचले असते तर मूळ लेख एवढा लांबला नसता.

जुनी_वही

एक शेवटची भर. कोणी पॅरिसला जाऊन ब्रंकुशची कार्यशाळा पाहिली आहे का? त्याने ती १९५६ साली फ्रेंच सरकारला देऊन टाकली होती आणि पुढे पोंपिदू केंद्र या तिथल्या कलासंग्रहालयासमोर रेंझो पियानो या वास्तुरचनाकाराने तिची पुनर्रचना केली.

तिरपी_रेघ

मी काही वर्षांपूर्वी पाहिली आहे. आत पाऊल टाकता येत नसे. काचेच्या भिंतीबाहेरून चहूबाजूंनी फिरायचे. तो गेला त्या वेळी जी वस्तू जिथे होती तिथेच ठेवलेली होती : हत्यारे भिंतीवर, ओंडके जमिनीवर, पांढरे ठोकळे एकमेकांना टेकून. तेव्हा मला लिझिकाचे नाव ठाऊक नव्हते, पण ते छायाचित्र पाहिलेले होते, म्हणून ती मुलगी नेमकी कुठे उभी असेल याचा अंदाज बांधत मी बराच वेळ काचेला नाक लावून उभा होतो. मधल्या मोकळ्या जागेत, उजेड वरून येतो तिथे, असे मनाशी ठरवूनही टाकले होते.

पारिजातक

@तिरपी_रेघ, सांगायला जिवावर येते आहे, पण ती जागा ही नव्हे. १९२२ साली ब्रंकुश रोंसँ गल्लीत आठ क्रमांकाच्या कार्यशाळेत होता. १९२८ मध्ये तो त्याच गल्लीत अकरा क्रमांकात गेला, आणि पोंपिदूसमोर जी उभी केली होती ती अकरा क्रमांकाची कार्यशाळा. तोवर लिझिकाने नाच सोडून वर्ष झाले होते.

तिरपी_रेघ

म्हणजे अर्धा तास मी चुकीच्या घराच्या खिडकीतून डोकावत होतो.